आयत्या वेळचे नाट्यखेळ

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे शाळेंत नाटकाच्या तालमींची धांदल सुरू होते. ज्यांचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख व धिटाई पुरेशी, अशीं आठ-दहा मुलें निवडलीं जातात. बाकीचीं समोर बसून टाळ्या वाजवितात. या बाकीच्या मुलांचें काय, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस बोंचत होता. लिहिलेलें भाषण ज्यास पाठ म्हणतां येत नाहीं, त्याच्या अंगीं नाट्य नाहींच असें कोणीं म्हणावें? मधल्या सुट्टींत हींच मुलें फेरीवाल्याची, बसच्या वाहकाची आणि क्वचित् आमचीहि नक्कल किती हुबेहूब करतात, हें आम्हीं खिडकीआडून पाहिलें आहे. म्हणून गेल्या जून महिन्यापासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर पाऊण तास, आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठीं आम्हीं आयत्या वेळच्या नाट्यखेळांचा वर्ग चालविला. त्यांत आम्हीं जें शिकविलें त्यापेक्षां आम्ही जें शिकलों तें अधिक आहे. तें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आयत्या वेळचें नाट्य म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. या नाट्यांत लिहिलेली संहिता नसते. पाठांतर, पडदे, वेषभूषा यांपैकीं कांहींच नसतें. समोर बसलेल्यांनीं एखादें स्थळ सुचवावें, समजा, एस्. टी. चें स्थानक, एखादें नातें सुचवावें, समजा, मामा आणि भाचा, आणि दोघांनीं तत्क्षणीं उभें राहून प्रवेश करून दाखवावा. पुढचें वाक्य काय येणार हें ऐकणाऱ्यास ठाऊक नसतें आणि बोलणाऱ्यासहि नसतें. दोघे मिळून मनांत नसलेल्या ठिकाणीं जाऊन पोंचतात, आणि त्या पोंचण्याचेंच सर्वांस हंसूं येतें. आधीं जुळवून आणलेली कोटी येथें उपयोगीं पडत नाहीं.

ही कल्पना आपल्याकडे नवीन नाहीं. इ. स. १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं सांगली येथें 'सीतास्वयंवर' हा खेळ करून दाखविला. त्यांच्या नाटकांत पद्यें सूत्रधार गात असे, आणि गद्य भाषणें पात्रें बहुतेक आयत्या वेळीं आपल्या बुद्धीनें करीत. कोंकणांतील दशावतारी मंडळी अजूनहि लिखित संहितेवांचून रात्र जागवितात. कथा पुराणांतली व ठरलेली, संवाद मात्र रंगमंचावर सुचतील तसे. तमाशाच्या बतावणींतील सोंगाड्याचा हजरजबाबीपणा तर सर्वांच्या परिचयाचा आहे.

परंतु ही विद्या निवडक कलावंतांपुरती न राहतां कोणाहि मुलास खेळांच्या रूपानें शिकवितां येईल, हें पद्धतशीर दाखवून दिलें गेलें तें अमेरिकेंतील शिकागो शहरीं. तेथें जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार या दोघींनीं १८८९ मध्यें 'हल हाऊस' ही संस्था स्थापिली होती. सभोंवतालच्या वस्तींत इटली, ग्रीस, रशिया अशा दूरदूरच्या देशांतून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें राहत. या संस्थेंत नेव्हा बॉइड या बाई सामुदायिक खेळांच्या द्वारें शिक्षण कसें द्यावें हें शिकवीत. त्यांच्या हाताखालीं १९२४ ते १९२७ पर्यंत व्हायोला स्पोलिन ही तरुणी शिकली. पुढें १९३९ मध्यें बेकारांस काम देण्याच्या सरकारी योजनेंत नाट्यशिक्षणाची देखरेख स्पोलिनबाईंकडे आली. अडचण अशी होती कीं, जमलेल्या मुलांच्या घरच्या भाषा वेगळ्या, चालीरीति वेगळ्या. त्यांच्याकडून लांब भाषणें पाठ करून घेण्यांत अर्थ नव्हता. तेव्हां बाईंनीं नटास लागणारा एक एक गुण घेतला आणि त्याचा एक एक खेळ बनविला. पाहण्याचा खेळ, ऐकण्याचा खेळ, नसलेली वस्तु हातांत धरण्याचा खेळ, असे हे खेळ वाढत गेले. १९६३ मध्यें त्यांचें 'इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. १९५९ मध्यें शिकागो येथें निघालेल्या 'सेकंड सिटी' या प्रसिद्ध विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांत त्यांचे पुत्र पॉल सिल्स हे एक होते. इंग्लंडांत कीथ जॉनस्टोन यांनींहि लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहांत अशाच प्रकारचे प्रयोग केले, आणि पुढें कॅनडांतील कॅलगरी येथें १९७७ मध्यें दोन संघांत चढाओढ लावून आयत्या वेळचे प्रवेश करण्याचा प्रकार रूढ केला. एवढी माहिती देण्याचें कारण असें कीं, आज मोठमोठीं नाट्यगृहें हंसविणाऱ्या या कलेची एक मुख्य शाखा अशा मुलांसाठीं जन्मास आली, ज्यांस एकमेकांची भाषाहि नीट येत नव्हती. मागें राहिलेल्या मुलास पुढें आणणें, हें तिचें मूळचें काम आहे.

आतां प्रत्यक्ष खेळ कसे चालवावे तें सांगतों. मुलें बारा ते सोळा असावींत. यांहून अधिक झालीं तर प्रत्येकाची पाळी येत नाहीं, आणि ज्याची पाळी येत नाहीं तें मूल टीकाकार बनतें. बाकें भिंतीशीं लावून मध्यें जागा मोकळी करावी व सर्वांनीं गोल करून उभें राहावें. गोलांत पुढची रांग नसते, मागचीहि नसते. आरंभीं कोणासहि एकट्यास पुढें बोलावूं नये. पहिलीं दहा मिनिटें सर्वांनीं एकदम खेळावें, म्हणजे नुसता पाहणारा कोणी उरत नाहीं व लाज आपोआप ओसरते. घड्याळ हाताशीं असावें. एका प्रवेशास दोन मिनिटें पुरे होतात. प्रवेश रंगांत आला असतांनाच "पुरे" म्हणणें, ही खेळ चालविणाऱ्याची मुख्य कला होय.

पहिला खेळ 'आरसा'. दोघांनीं समोरासमोर उभें राहावें. एकानें दांत घासणें, भांग पाडणें अशी एखादी क्रिया सावकाश करावी. दुसऱ्यानें प्रतिबिंबाप्रमाणें त्याच वेळीं तीच करावी. मिनिटभरानें कामें बदलावीं, आणि शेवटीं पुढारी कोण हें ठरवूंच नये. जोडीदारास फसविण्यासाठीं झटकन् हात हलविणारा एखादा तरी मुलगा प्रत्येक गटांत असतो. त्यास इतकेंच सांगावें कीं, पाहणाऱ्यास दोघांत फरक दिसला तर दोघेहि हरले.

दुसरा खेळ 'नसलेला दोर'. ही रस्सीखेचच आहे, परंतु हातांत दोर नाहीं. एका बाजूनें मागें ओढ घेतली कीं दुसरीनें पुढें फरफटत आलें पाहिजे. दोन्ही बाजू एकदम जिंकूं लागल्या तर दोर रबरासारखा लांबतो आणि तो नाहींच हें सर्वांस दिसून येतें. हरण्याची तयारी असल्यावांचून हा खेळ उभाच राहत नाहीं. ही गोष्ट तोंडानें सांगून मुलांस पटत नाहीं. दोर एकदां 'तुटला' कीं लगेच पटते.

तिसरा खेळ 'एक एक शब्द'. गोलांतील प्रत्येकानें एकच शब्द बोलावा व सर्वांची मिळून गोष्ट व्हावी. आमच्या वर्गांत एकदां "काल", "आमची", "म्हैस", "दवाखान्यांत" असे शब्द आले. आतां म्हैस आजारी असणार, हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. पुढची पाळी एका मितभाषी मुलीची होती. ती थोडी थबकली आणि म्हणाली, "नोकरीस". शेजारचा ताबडतोब म्हणाला, "लागली". खोली हंसून हंसून दणाणली. त्या मुलीनें विनोद करावयाचें योजलें नव्हतें. तिनें आधींचे चार शब्द लक्ष देऊन ऐकले होते, एवढेंच.

चौथा खेळ 'होय, आणि'. सर्व खेळांचें सार यांत आहे. जोडीदारानें जें मांडलें तें मान्य करावयाचें आणि त्यांत आपली भर घालावयाची. मामा म्हणतो, "अरे, एवढ्या पावसांत छत्री कुठें विसरलास?" यावर भाचा जर म्हणाला, "पाऊस नाहीं, आणि मी तुमचा भाचाहि नाहीं," तर समोरचे क्षणभर हंसतात, पण मामा बिचारा उघडा पडतो आणि प्रवेश तेथेंच मरतो. तोच भाचा म्हणाला, "होय मामा, छत्री गाडींत विसरली, आणि तुमचे जोडे तिच्याखालींच होते," तर दोघांसहि पुढची वाट मिळते. मात्र एक गोष्ट मुलांस स्पष्ट सांगावी. हा होकार कल्पनेंतील गोष्टीस आहे. अंगास हात लावणें, अभद्र बोलणें, किंवा ज्याचा मनास संकोच वाटतो असें कांहीं करावयास लावणें, यांस कोणीहि केव्हांहि "थांबा" म्हणावें, आणि तें ऐकतांच खेळ थांबला पाहिजे.

पांचवा खेळ 'दुभाषी'. एकानें अर्थहीन शब्दांत आवेशानें भाषण करावयाचें व दुसऱ्यानें त्याचें मराठी भाषांतर सांगावयाचें. या खेळांत खऱ्या भाषेचें अथवा एखाद्या प्रांताच्या बोलण्याच्या ढबीचें विडंबन होऊं देऊं नये; शब्द सर्वस्वी कल्पित असावे.

येथवर सर्व सुरळीत चाललें आहे असें आम्हांस वाटत होतें. ऑगस्ट महिन्यांतील एका शनिवारीं 'शिक्षक व उशिरां आलेला विद्यार्थी' अशी सूचना आली. विद्यार्थ्याचें काम करणारा मुलगा मोठा चलाख व नकला करण्यांत पटाईत. "उशीर कां झाला?" असें विचारतांच तो अडखळत बोलूं लागला. पहिल्या अक्षरावर थांबणें, मान किंचित् झटकणें, डोळे मिटणें, हें सारें आमच्याच गटांतील एका मुलाचें होतें. तो मुलगा बोलतांना अडखळतो, हें सर्वांस ठाऊक होतें. सारा वर्ग हंसला. खरें तें सांगावयाचें तर आम्हीहि हंसलों. तो मुलगाहि हंसला, आणि सर्वांत मोठ्यानें हंसला. म्हणून आम्हांस कांहीं वावगें वाटलें नाहीं.

पुढले दोन शनिवार तो आला नाहीं. तेव्हां आम्ही त्याच्या घरीं गेलों. त्याच्या आईनें चहा केला. दुकानांत वडिलांस मदत करावी लागते, असें कारण सांगितलें. निघतांना तो आम्हांस कोपऱ्यापर्यंत पोंचवावयास आला. तेथें तो म्हणाला, "सर, तो नेहमींच करतो. पण तुम्हीहि हंसलांत." एवढें बोलण्यास त्यास बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही रस्त्याकडे पाहत उभे राहिलों.

घरीं परततांना आम्हीं आमच्या वर्गाचा विचार केला. दोष त्या चलाख मुलाचा आहे असें म्हणणें सोपें होतें. परंतु दर शनिवारीं ज्या प्रवेशास मोठें हंसें पिकलें त्याची वाहवा आम्हींच करीत होतों, आणि जोडीदारास सांभाळून घेणाऱ्याकडे आमचें लक्षहि जात नव्हतें. मुलें हुशार असतात. ज्या नाण्यावर वस्तु मिळते तेंच नाणें तीं पुनः पुनः काढतात. जॉनस्टोन हे आपल्या विद्यार्थ्यांस आरंभींच सांगत कीं, तुम्ही फसलां तर दोष माझा, कारण येथें जाणता मी आहें. हें वाक्य आम्हीं वाचलेलें होतें. त्या दिवशीं तें आम्हांस कळलें.

पुढच्या शनिवारीं आम्हीं कोणाचें नांव न घेतां सर्वांपुढें चूक कबूल केली आणि चार नियम फळ्यावर लिहिले. पहिला नियम: खोलींत हजर असलेल्या कोणाचीहि नक्कल करावयाची नाहीं, आणि कोणाचें शरीर, बोलणें, जात, धर्म, घर किंवा गरिबी यांवर विनोद करावयाचा नाहीं. दुसरा: प्रवेश संपल्यावर "कोण चांगला?" असें विचारावयाचें नाहीं, "आम्हांस काय दिसलें?" असें विचारावयाचें. स्पोलिनबाईंनीं शाबासकी व नापसंति या दोहोंनाहि खेळाचे शत्रु मानलें आहे. शाबासकीकरितां खेळणारा मुलगा जोडीदाराकडे पाहत नाहीं, शिक्षकाच्या तोंडाकडे पाहतो. तिसरा: कोणाची चूक झाली तर त्यानें दोन्ही हात वर करून नमस्कार करावा व सर्वांनीं टाळ्या वाजवाव्या. चौथा: जोडीदाराचें काम चांगलें वठलें तर आपलें वठलें, असें समजावें.

नक्कल करणाऱ्या मुलास आम्हीं शिक्षा केली नाहीं. त्यास बाजूला घेऊन एवढें म्हणालों, "दुसऱ्याचें बोलणें इतकें बारकाईनें ऐकणारा कान सर्वांस मिळत नाहीं. तो जोडीदाराच्या कामास लाव." तो कांहीं बोलला नाहीं. पुढें दुभाष्याच्या खेळांत त्याच्याइतका चांगला दुभाषी दुसरा झाला नाहीं.

अडखळणारा मुलगा तिसऱ्या शनिवारीं परत आला. त्या दिवशीं आम्हीं 'एकस्वर' हा खेळ घेतला. यांत दोघांनीं मिळून एकच माणूस व्हावयाचें. एकमेकांच्या ओंठांकडे पाहत, सावकाश, एकाच वेळीं तेच शब्द उच्चारून प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं. बोलतांना अडखळणारीं माणसें दुसऱ्याबरोबर एका सुरांत बोलूं लागलीं म्हणजे पुष्कळदां सुरळीत बोलतात, ही गोष्ट वाचादोषांवर उपचार करणाऱ्यांच्या नित्य परिचयाची आहे. आम्हांस ती प्रथमच डोळ्यांनीं दिसली. तो सलग तीन वाक्यें बोलला. यानें त्याचें अडखळणें गेलें, असा कोणीं समज करून घेऊं नये. खेळ हें औषध नव्हे. तो आजहि अडखळतो. फरक इतकाच पडला कीं, तो थांबला असतां बाकीचे थांबावयास शिकले.

हें खरोखर शिकले किंवा नाहीं, याची परीक्षा डिसेंबरच्या संमेलनांत झाली. नाटकापूर्वीं वीस मिनिटें आमच्या वर्गास मिळालीं होतीं व सूचना पालकांनीं द्यावयाच्या होत्या. कोणीतरी मागून ओरडलें, "रेल्वेची तिकिटाची खिडकी!" हाच मुलगा आपण होऊन उठला व खिडकींतला कारकून झाला. प्रवासी म्हणून उठला तो नक्कल करणारा मुलगा. आमच्या छातींत धस्स झालें. प्रवाशानें विचारलें, "पुढची गाडी कुठली?" कारकुनानें तोंड उघडलें आणि गांवाच्या पहिल्याच अक्षरावर तो अडला. सभागृह एकदम शांत झालें. प्रवाशानें शब्द पुरविला नाहीं, खाणाखुणा केल्या नाहींत, प्रेक्षकांकडे पाहिलेंहि नाहीं. हातांतील नसलेली ट्रंक खालीं ठेवून तो कारकुनाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. अखेर शब्द आला, "कोल्हापूर." कारकुनानें नसलेल्या घड्याळाकडे पाहिलें आणि पुढें म्हणाला, "पण ती आतांच गेली."

क्षणभर कोणास कांहीं सुचेना. आणि मग जें हंसूं फुटलें तें आमच्या कानांत अजून आहे. तो विनोद त्याचा स्वतःचा होता व त्याच्या इच्छेनें केलेला होता. प्रवाशानेंहि तो वांया जाऊं दिला नाहीं. तो म्हणाला, "होय, आणि माझी बायको तिच्यांतच गेली." आम्हीं घड्याळ पाहून "पुरे" म्हटलें. हंसें ओसरल्यावरहि मागच्या रांगेंत उभे असलेले कारकुनाचे वडील टाळ्या वाजवीतच होते.

पालकांस आमची दोन-तीन गोष्टींची विनंति आहे. हे खेळ घरींहि चालतात. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजीपासून धाकट्यापर्यंत सर्वांनीं बसून एक एक शब्दाची गोष्ट करून पाहावी. खर्च कांहीं नाहीं, आणि घरांत कोण कोणाचें ऐकतो हें लवकर समजतें. पाहुण्यांपुढें मुलास "नक्कल करून दाखव" असा आग्रह धरूं नये. मुलाच्या बोलण्याची, रंगाची, उंचीची थट्टा करून चार माणसांस हंसवूं नये. तें मूल आपल्याबरोबर हंसलें तरी करूं नये, किंबहुना तें सर्वांत मोठ्यानें हंसलें तर मुळींच करूं नये. आणि मूल अडखळलें तर त्याचा शब्द आपण पुरा करूं नये. तो त्याचा शब्द आहे. त्याची वाट पाहावी.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळांस देवानें विनोदबुद्धि दिली आहे व ती आम्हांस हवीच आहे. कंटाळलेल्या वर्गास, दमून आलेल्या वडिलांस, आजारी आजीस हंसवितां येणें ही लहान देणगी नव्हे. तिचा उपयोग करतांना एकदां आजूबाजूस पाहावें. हंसणाऱ्यांत कोणी एकटा पडला आहे काय, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. पुढील जून महिन्यांत वर्ग पुनः सुरू होईल. ज्यांस नाटकांत अजून कधींच काम मिळालें नाहीं, त्यांनीं आपलीं नांवें प्रथम द्यावींत.